एकट्या बाईसाठी खोली

योकोहामा
११ ऑक्टोबर १९७१

प्रिय हिसानो,

शाळा सुटल्यापासून तू मला बोलावते आहेस. एवढ्या वर्षांनी मी एकदाची तुझ्या सराईत पाऊल ठेवलं, तर तू घरात नाहीस. लेकीच्या बाळंतपणाला सेंदाईला गेलीस म्हणे. मी न कळवता आले ही माझी चूक आहे असं तू लिहिणार, तर ते लिहू नकोस. झालं ते बरंच झालं. मालकिणीची मैत्रीण म्हणून आले असते तर तुझ्या माणसांनी दाराशी ओळीने वाकून माझं स्वागत केलं असतं आणि इतर बायकांना तुम्ही कसं वागवता ते मला कधी कळलंच नसतं.

आता ऐक. मी पोस्टकार्ड टाकून खोली राखून ठेवली होती. ‘मुराओका, एक माणूस’ एवढंच लिहिलं होतं. आगबोट कंपनीचा पत्रव्यवहार मी तीस वर्षं सांभाळला, तिथे इतकं पुरायचं. दारात तुझी ती त्सुने-सान आली. तुझ्या कामवाल्या बायकांची मुकादम. माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून मागे वाटेकडे बघत म्हणाली, “साहेब मागून येतायत का?”

“कोण साहेब?”

“मुराओका साहेब.”

“मुराओका मीच.”

“बरोबर कोणी?”

“नाही.”

“मग उद्या कोणी येणार असेल.”

“उद्याही नाही आणि परवाही नाही. बाई, मी बूट काढून उभी आहे, पाय गार पडले.”

ती आत गेली. आत कुजबुज झाली. मग बाहेर येऊन म्हणाली, सगळ्या खोल्या भरल्यात. हिसानो, दाराशी सपातांची अख्खी रांग रिकामी पडली होती! मी म्हटलं, या सपाता घालणारे पाहुणे काय अनवाणी फिरतात? तेव्हा कुठे खोली मिळाली. दरीकडची नाही. स्वयंपाकघराशेजारची, जिथे तुम्ही जादा गाद्या ठेवता आणि खिडकी उघडली की सरपणाची भिंत दिसते.

मी चहा संपवीपर्यंत त्सुने-सान समोर बसून होती. घरी कोण असतं? लग्न का नाही केलं? तब्येत कशी आहे? अलीकडे काही दुःखाची गोष्ट झाली का? मी म्हटलं, अलीकडची म्हणशील तर ही खोली. गरम पाण्याच्या कुंडात उतरले तर पडद्यामागून आवाज, “बाई, पाणी ठीक आहे ना?” ठीक आहे म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हणाले, “पाणी ठीक आहे आणि मीही अजून जिवंत आहे!” पलीकडे बादली पडल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी पुलावरून खालच्या डोहात हाताएवढे मासे दिसले. लाकडं फोडणाऱ्या तुझ्या योहेईला मी सहज विचारलं, डोह किती खोल आहे. त्यानंतर मी जिथे जाईन तिथे तो माझ्या मागे. हातातली कुऱ्हाड खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. म्हणजे मी जीव देऊ नये म्हणून कुऱ्हाड घेऊन माझ्या पाठीशी!

त्याच संध्याकाळी एक औषधविक्या आला, एकटाच. चेहरा असा की बायको, नोकरी आणि सगळे दात एकाच दिवशी गेले असावेत. त्याला दरीकडची खोली मिळाली. पुरुष एकटा आला की तुम्ही विचारता, साके गरम आणू की गार? बाई एकटी आली की विचारता, कोणाला कळवायचं?

शाळेत मदर ऑगस्तीनने आपल्याकडून पापांची भली मोठी यादी पाठ करून घेतली होती. एकटीने प्रवास करणं त्यात नव्हतं. उत्तर दे, आणि माफी मागून सुटू नकोस.

तामाए


इवानेया सराई, नाझावा
१९ ऑक्टोबर १९७१

तामाए,

माफी मागत नाही. तुझं पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. योहेई लाजेने मागच्या दाराने पळाला. त्सुने-सान म्हणाली, “त्या बाई होत्या होय! मी तर धरूनच चालले होते की आज ना उद्या ही काहीतरी करणार. इतकी रागावलेली बाई मी आयुष्यात पाहिली नाही.” मी म्हटलं, अगं, ती आनंदात असली तरी अशीच दिसते.

मी इथे असते तर तुला दरीकडची खोली दिली असती. तू आल्या आल्या परतीच्या बसची वेळ तीनदा विचारलीस आणि ती गैरसोयीची आहे म्हणून भांडलीस, असं कळलं. परतीच्या बसवरून भांडणारा माणूस नव्वदी गाठतो. सराई चालवणाऱ्यांना एवढं समजतं.

पण नियम आहे, आणि तो का आहे तेही ऐक.

सासूबाई होत्या तेव्हाची गोष्ट. असाच शरद ऋतू होता. तपकिरी कोटातली एक बाई एकटी आली. दृश्य चांगलं म्हणून मीच तिला वरची खोली दिली. मी फुलं मांडली होती, त्यांचं तिने किती कौतुक केलं! जेवण उत्तम म्हणाली. पाणी उत्तम म्हणाली. कामवालीचं नाव विचारून नावाने आभार मानले. सकाळी मी न्याहारी घेऊन गेले तर अंथरुणाची घडी करून ठेवलेली. पाहुणे कधी अंथरुणाची घडी करत नाहीत, तामाए. ते आमचं काम. मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले. मला तेव्हाच कळलं.

तिने लिहून दिलेलं नाव खोटं निघालं. शोधत कोणी आलं नाही. गावच्या देवळामागे तिला पुरलंय आणि उदबत्ती मी लावते. सासूबाईंनी तेव्हापासून नियम केला की एकट्या बाईला खोली नाही, आणि द्यावीच लागली तर खालची, नजरेसमोरची. या दरीत सगळ्याच सराया असं करतात. अपमान होतो हे मला समजतं. पण त्या सकाळचं ताट अजून माझ्या हातात आहे.

हिसानो


योकोहामा
२५ ऑक्टोबर १९७१

प्रिय हिसानो,

तपकिरी कोटवालीबद्दल मला वाईट वाटलं. पण तिची शिक्षा तुम्ही त्यानंतर दारात आलेल्या प्रत्येक बाईला देत आलात.

मला एकच सांग. ज्या बायकांना तुम्ही ‘खोल्या भरल्या’ म्हणून दारातून परत पाठवलं, त्या पुढे कुठे गेल्या? शेवटची बस गेलेली, बाहेर अंधार, आणि प्रत्येक सराईच्या दारात तुझी एकेक त्सुने-सान. एखादी खरंच खचलेली असेल तर तिला तुम्ही बाहेर ठेवलंत, आत नाही. तुमच्या घरात मरू नये, एवढीच तुमची काळजी. तिने मरू नये ही नाही. लागलं ना? लागावं म्हणूनच लिहिलं.

वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदरालाही मी लिहिलंय. सराईचं नाव घातलेलं नाही. छापतील. माझी पत्रं सगळे छापतात.

घरी विशेष काही नाही. नाओ बरी आहे. तुला माझी धाकटी बहीण आठवत असेल, शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी राहायची ती. तिचा नवरा कानेकिची दोन वर्षांपूर्वी गेला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि पैसे पिऊन टाकायचा. मी तिचं घर पाठोपाठ आवरलं आणि तिला इथे आणलं. दक्षिणेकडची खोली दिली, नवी गादी, नवी भांडी. त्या माणसाच्या नावाच्या लाकडी स्मृतिपाटीपुढे दिवसभर उदबत्ती जाळायची, माझ्या छातीला धूर सोसत नाही, म्हणून पाटी मी कोठीच्या फळीवर ठेवली. इतके दिवस नुसती बसून असायची. आता एकदाची हालचाल करू लागली आहे. कपाटं रिकामी केली, चांगले दोन किमोनो शेजारच्या सुनेला देऊन टाकले, कानेकिचीची पत्रं अंगणात जाळली. मी म्हटलं, शाबास.

तामाए


नाझावा
१२ डिसेंबर १९७१

तामाए,

सराईचं नाव घातलं नाहीस हे खरं, पण ‘कुऱ्हाड घेऊन पाठीशी चालणारा रखवालदार’ छापून आला आणि सगळ्या दरीने योहेईला ओळखलं. पोरं त्याच्या मागे काठ्या खांद्यावर टाकून चालतात. सराईवाल्यांच्या बैठकीत माझ्या मुलाला सगळे हसले. घरी येऊन तो म्हणाला, “आई, पुरे झालं. त्या बाई म्हणतात ते खरं आहे.”

नियम काढून टाकला. आता एकटी बाई आली तर तिला हवी ती खोली. चौकशी नाही, पाळत नाही. आणि बायका येतात, तामाए! एक शाळामास्तरीण आली, ती जेवताना पुस्तक वाचत होती. कोरियामाची एक केशकर्तन करणारी आली, ती नुसती झोपली. एक सासूपासून पळून आलेली होती. ती पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी सासूची नक्कल करून दाखवली. त्सुने-सान पोट धरून हसली. तोपर्यंत ती रुसूनच होती. “मग मी करू काय? डोळे मिटून चालू?” म्हणायची. तुझं बरोबर होतं. हे मी लिहून देते, चौकटीत लावून ठेव.

एक विचारू का? रागावू नकोस. नाओ कपाटं रिकामी करते, चांगले कपडे वाटून टाकते, पत्रं जाळते. ती झोपते का? जेवते का? पुढच्या वसंताचं काही बोलते का, फुलं बघायला जाऊ, अमुक शिवू, असं काहीही? एकदा तिच्याजवळ बसून विचार. आणि विचारलंस तर उत्तर तिला देऊ दे.

हिसानो


योकोहामा
८ जानेवारी १९७२

प्रिय हिसानो,

म्हणजे दारातून काढलेली पाळत आता टपालाने माझ्या बैठकीत पाठवतेस! तुला नियम बदलता आला, नजर बदलता आली नाही. बाईने कपाट आवरलं की तुला तिथे प्रेत दिसतं.

नाओ पूर्वी रडायची. नवीन वर्षापासून अजिबात रडत नाही. दिवसभर शांत असते, हसरी असते, सगळ्याला हो म्हणते. शेजारी म्हणतात, किती गोड झाल्या तुमच्या बहीणबाई. मी तिला तुझ्या सांगण्यावरून विचारलं, “वसंतात कुठे जाऊ या?” म्हणाली, “ताई, तू म्हणशील तिथे.” झालं तुझं समाधान?

तिला मी आता तुझ्याकडेच पाठवते आहे. एकटीला. आयुष्यात ती एकटी आगगाडीत बसलेली नाही. आधी मी हात धरला, मग त्या पाटीवाल्याने, मग पुन्हा मी. ती कचरत होती, मी तिकीटच काढून आणलं. फेब्रुवारीच्या सतरा तारखेला संध्याकाळच्या बसने येईल. तिला वरची दरीकडची खोली दे, जी मला दिली नाहीस. आणि शब्द दे की त्सुने-सान तिच्यासमोर बसणार नाही, योहेई मागे फिरणार नाही, पडद्याआडून कोणी पाणी कसं आहे म्हणून विचारणार नाही. तिला एका प्रौढ बाईसारखं वागवलं जाईल. यातलं काही मोडलंस असं कळलं तर आपली मैत्री संपली. मी थट्टा करत नाही.

तामाए


नाझावा
१७ फेब्रुवारी १९७२

तामाए,

नाओ सुखरूप पोहोचली. बर्फ पुष्कळ पडलाय, बस उशिरा आली. वरची खोली दिली आहे. मागे कोणी नाही. दिलेला शब्द पाळते आहे.

हिसानो


नाझावा
२१ फेब्रुवारी १९७२

तामाए,

परवा सकाळी टेलिफोनवर मी तुला इतकंच म्हणाले की नाओ बरी आहे आणि थोडे दिवस जास्त राहील. तू म्हणालीस, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” त्याहून जास्त मला बोलता येईना. पोस्टातल्या बाई इथल्या प्रत्येकाचा टेलिफोन ऐकतात. म्हणून हे पत्र. बसून वाच.

मी शब्द मोडला.

ती आली तेव्हाच मला खटकलं होतं. आमच्याकडे बर्फाच्या दिवसांत घाट बंद पडतो. म्हणून आल्या आल्या, बूट काढायच्या आधी, प्रत्येक पाहुणा विचारतो की परतीची बस नक्की जाईल ना. नाओने विचारलं नाही. मी आपण होऊन सांगायला लागले, तर हसून मान हलवली, ऐकलं नाही. जेवण उत्तम म्हणाली. पाणी उत्तम म्हणाली. त्सुने-सानला नाव विचारलं आणि नावाने आभार मानले. त्सुने-सान स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी म्हटलं, तामाएला शब्द दिलाय. ती म्हणाली, “मालकीणबाई, त्या बाईंना दिलेला शब्द मोठा की ही बाई?” मी तिला गप्प केलं. तो एक दिवस मी स्वतःलाही गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलत असताना मी गच्चीवरून बर्फ ढकलत होते. नाओ मागच्या दाराने बाहेर पडली. कोट नाही. हळूहळू, एकेक पाऊल नीट टाकत पुलाच्या वाटेला लागली, देवळात जाताना जातात तशी. मी खाली धावले. पायांत काय घातलं आठवत नाही.

काय ओरडायचं, तामाए? थांब म्हटलं असतं तर ती कदाचित धावली असती. मी तिला हाक मारली आणि म्हटलं, “नाओ-सान, जरा माझी पाठ चोळून द्याल का? बर्फ ढकलून खांदा धरलाय आणि आज घरात कोणी मोकळं नाही.”

ती पुलाच्या तोंडाशी होती. वळली. मग म्हणाली, “हो, देते की.”

तिने आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नाही. त्या सवयीनेच तिला तिथवर नेलं होतं असं मला आता वाटतं, आणि त्या सवयीनेच ती परत आली. मी तिला कुंडावर नेलं. तिने माझी पाठ चोळली, अगदी मन लावून. मग मी तिची चोळली. पाठीवर हाडं तेवढी उरली आहेत. मग आम्ही पाण्यात बसलो.

ती म्हणाली, “तुम्ही माझ्या मागून आलात ना?”

“हो.”

“ताईने नको सांगितलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“मग ताई ओरडेल तुमच्यावर.”

“ओरडू दे. शाळेपासून ओरडते आहे.”

तेव्हा ती हसली. आणि हसता हसता जे रडायला लागली ते पाणी अंगावर गार वाटेपर्यंत. मध्ये एकदा म्हणाली, “त्या घरात माझी खोली आहे, गादी आहे, वाटी आहे. सगळं ताईने निवडलंय. चांगलंच निवडलंय. जीव द्यायला निघाले, तर त्याचंही तिकीट ताईनेच काढून दिलं.”

हे मी लिहिणार नव्हते. नाओच म्हणाली, लिहा. “मला तोंडाने सांगता यायचं नाही. ताई माझं वाक्य पुरं करते, आणि पुरं झालेलं वाक्य माझं नसतं.”

दरीतले डॉक्टर रोज येतात. औषध दिलंय, झोप लागू लागली आहे. ती माझ्याच खोलीत झोपते. तिला परत यायचं नाही, तामाए. तिने एकच गोष्ट मागितली आहे. कानेकिचीची स्मृतिपाटी.

हिसानो


योकोहामा
२६ फेब्रुवारी १९७२

हिसानो,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एका शब्दावर विश्वास बसत नाही आणि प्रत्येक शब्द नाओच्या आवाजात ऐकू येतो.

मी तिला काय कमी केलं? तो मेला तेव्हा तिच्या घरात तांदूळ नव्हता. मी नसते तर ती रस्त्यावर आली असती. मी तिला भिंतीशी बसवून ठेवलं नाही, मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सकाळी उठल्यापासून तिचा विचार मीच करायचे. कोणीतरी करायला हवा होता! ती कधी बोलली का, ताई, मला हे नको? एकदा तरी? मला स्वप्न पडायला हवं होतं का?

आणि तू तिच्या मागे गेलीस. मी लिहून दिलं होतं की जायचं नाही. मी लिहून दिलं होतं, हिसानो. मी पत्रांच्या नकला ठेवते, त्यातलं ते वाक्य रात्रंदिवस वाचते आहे. माझंच अक्षर आहे.

मी शनिवारी येते आहे. तिला माझ्याशी बोलू दे, समोरासमोर. माझी बहीण आहे, तुझी नाही.

तामाए


नाझावा
२९ फेब्रुवारी १९७२

तामाए,

येऊ नकोस.

मी तिला सांगितलं की तू शनिवारी येते आहेस. ती “बरं” म्हणाली. रात्रीचं जेवण झाल्यावर माझ्यासमोर बसून, दोन्ही हात जमिनीला टेकवून, तिने माझे आभार मानले. मग त्सुने-सानचे. मग योहेईचे. प्रत्येकाचे नावाने.

याचा अर्थ तुला आता मी समजावून सांगायला नको.

तू येणार नाहीस असं मी तिला सांगून टाकलंय. मला खोटं पाडू नकोस. ती बोलावेल तेव्हा ये. कधी बोलावेल मला माहीत नाही. पाटी पाठव.

हिसानो


ओसावा स्टेशन, विश्रांतीगृह
२० मे १९७२

हिसानो,

पेन्सिलीने लिहिते आहे, शाई घरी राहिली. पाटी मार्चमध्येच पाठवली होती, पोहोच मिळाली. त्यानंतर तू दर आठवड्याला कार्ड टाकत गेलीस. आज जेवली, आज झोपली, आज जिन्यावरून पडली पण लागलं नाही. मी उत्तर दिलं नाही. मला लिहायला येईना. माझ्या बाबतीत असं पूर्वी झालेलं नाही.

आज मी आले होते. रागावू नकोस, सगळं वाच. सकाळच्या बसने तुमच्या गावात उतरले आणि पुलाच्या अलीकडेच थांबले. देवदारांच्या आड. तिथून तुमचं मागचं अंगण दिसतं. मला फक्त बघायचं होतं. पलीकडे जायचं नाही असं मी घरूनच ठरवून निघाले होते. पण पुलावर एक पाय टाकला होता, हेही सांगून टाकते.

मग तुमचा रानभाजीवाला ट्रक घेऊन आला आणि नाओ बाहेर आली. डोक्याला फडकं, बाह्या वर बांधलेल्या. जाडी झाली आहे. गळ्याखालची हाडं दिसत नाहीत. त्याने जुड्या खाली टाकल्या आणि तिने एक उचलून त्याच्या नाकासमोर धरली.

“हे काय आहे?”

“भाजी आहे, बाई. आज पहाटेची.”

“कुठल्या वर्षीच्या पहाटेची? देठ बघा. हे पाहुण्यांना घालू मी? ते तुमच्या नावाने बोंब मारणार नाहीत, माझ्या नावाने मारतील.”

“मालकीणबाई तर घेतात.”

“मालकीणबाईंना चाळिशी लागली आहे. मला नाही. न्या हे परत.”

“एवढ्या लांबून आणलं...”

“नाही म्हटलं ना एकदा! न्या!”

हिसानो, मी दरीच्या या बाजूला होते. खाली पाणी धडधडत होतं, वितळलेलं सगळं बर्फ उतरतंय. तरी शब्द न् शब्द ऐकू आला. मला वाटलं मीच बोलते आहे. इतकी वर्षं एका घरात राहिलो, तिला असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. माझाच आवाज घरभर असायचा, तिला तो काढायला जागा कुठे होती. हे मी तुला लिहिते आहे, तिला सांगण्यासाठी नाही. मला ते तिच्यासमोर बोलता येणार नाही, आणि बोलायला लागले तर मी त्यातही तिचं वाक्य पुरं करीन.

मी पाय पुलावरून मागे घेतला. तिने मला पाहिलं नाही. त्याच बसने खाली आले.

मी आले होते हे तिला सांगू नकोस. तिने बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तर कार्डं पाठवत राहा, मी वाचते.

आणि तो भाजीवाला लबाड आहे. खाली उतरताना ट्रक बसच्या शेजारून गेला, मी खिडकीतून डोकावून जुड्या नीट पाहिल्या. देठ काळे पडले होते. नाओचं बरोबर होतं.

तामाए